दगड जागेवर आहे

आपत्ती कधी ना कधी येणारच. तिला आजवर कोणी अडवू शकलेलं नाही. माणसाच्या हाती उरतं ते एवढंच, की ती आल्याचं त्याला वेळेवर, बसल्या जागी आणि शक्यतो रंगीत स्वरूपात कळावं. याच उदात्त हेतूने आमचा परिस्थितीभान कक्ष स्थापन झाला. कक्षात भिंतभर पडदा आहे, फिरत्या खुर्च्या आहेत आणि थंडगार हवा आहे (हवा पडद्यासाठी आहे, माणसांना ती योगायोगाने लागते). पडद्यावर आंबेगाव तालुक्याचा नकाशा दिसतो. संकट असेल तिथे लाल ठिपका, नसेल तिथे हिरवा रंग. पूर्वी ओढ्याला पूर आला की साहेबाला चिखलात उतरावं लागे. आता मोजे कोरडे ठेवून पूर पाहता येतो.

नागरिकांसाठी आम्ही 'भान' नावाचं अ‍ॅप काढलं आहे. संकट आलं की त्यातलं लाल बटण दाबायचं. दाबणारा जिथे उभा असेल नेमका तिथेच आमच्याकडे ठिपका उमटतो, त्यामुळे चुकीला वावच नाही. मी कक्षात नोंद सहायक आहे आणि हे अभिमानाने सांगतो.

तळेघरच्या वरच्या अंगाला उंबरदांड नावाची वाडी आहे. तिथे भात पिकतो, नाचणी पिकते, रेंज पिकत नाही. ती मिळते फक्त ओढ्यापलीकडच्या एका काळ्या दगडावर, तीही उत्तरेकडे तोंड करून उभं राहिल्यास. वाडीतली लग्नं त्या दगडावर जुळली आहेत, बारावीचे निकाल तिथेच लागले आहेत, आणि पुण्याला कामाला गेलेल्या पोरांना आया तिथूनच "जेवलास का" म्हणून विचारतात (इतक्या मोठ्याने, की फोन नसता तरी भागलं असतं).

या वाडीत झुंबरबाई आणि तिचा नवरा कुशाबा राहतात. त्यांच्या घरामागे मातीची उंच डगर आहे. गेल्या पावसाळ्यात तिला भेग पडली. तेव्हा भेगेत बोट जात होतं, यंदा खुरप्याची मूठ जाऊ लागली. झुंबरबाईचं मागणं साधं होतं : मोठा पाऊस लागायच्या आत कोणीतरी येऊन पाहावं आणि आम्हाला धड जागी हलवावं. म्हणून ती ओढा ओलांडून दगडावर गेली, उत्तरेकडे तोंड केलं आणि लाल बटण दाबलं. आमच्या पडद्यावर दगड लाल झाला.

ठिपका उमटला की कक्षात उत्साहाचं वातावरण असतं. पण या दगडावरचे ठिपके थांबेचनात. त्याच आठवड्यात त्या दगडावर एकाला साप चावला, एका बाईला कळा सुरू झाल्या, एक गाय विहिरीत पडली आणि एका घराचे पत्रे उडाले. जुन्नरकडच्या सगळ्या बिबट्यांविरुद्ध मिळून जेवढ्या तक्रारी असतील, त्याहून जास्त या एका दगडाविरुद्ध जमल्या. आमच्या कक्षप्रमुख वैजयंती मॅडम गंभीर झाल्या. ड्रोन पाठवला. चित्रात दगड दिसला. विहीर दिसली नाही, घरही दिसलं नाही. दोन्ही वाहून गेली असावीत, असा निष्कर्ष तज्ज्ञ समितीने काढला. 'दगड वरकरणी शांत आहे,' असंही अहवालात होतं ('वरकरणी'खाली रेघ मारलेली होती).

दरम्यान झुंबरबाई स्वतःच एसटीने कक्षात आली. गार हवेत पदर लपेटून खुर्चीच्या काठावर बसली आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"बाय, डगर माज्या घरामागं फाटलीया. तुमी समदी त्या दगडाला काय बगत बसलाय?"

"पण आजी, तक्रार तुम्ही दगडावरून केलीत ना?" मॅडम अतिशय नम्रपणे म्हणाल्या.

"मंग कुटनं करू? घरी रेंज न्हाई."

"म्हणजे तुमच्या घरून आजवर एकही तक्रार आलेली नाही."

"यील कशी?"

मॅडमनी पडद्याकडे बोट केलं. झुंबरबाईचं घर गर्द हिरवं होतं. "बघा. सबंध खोऱ्यात तुमच्याइतकं सुरक्षित घर कोणाचं नाही."

झुंबरबाई आपल्या हिरव्या घराकडे पाहत राहिली. "लई झ्याक दिसतंय," ती म्हणाली, "पर यकदा येऊन डोळ्यानं बगा की."

डोळा हे उपकरण मान्यताप्राप्त यादीत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. ती पदर सावरून उठली. मला तिची कीव आली. एखाद्याला नकाशा वाचता येत नसेल, तर त्यात त्याचा दोष नसतो.

मग कक्षाने धडाडीने पावलं उचलली. दगडाला लोखंडी कुंपण घातलं. 'अतिधोकादायक क्षेत्र, प्रवेश बंद' असा फलक लावला. भोंगा बसवला. स्थानिकांना सामावून घेण्याचं आमचं धोरण असल्यामुळे पहारेकरी म्हणून कुशाबालाच नेमलं. त्याला गणवेश दिला आणि सरकारी फोन दिला. त्या फोनमध्ये एकच हिरवं बटण होतं : 'दगड जागेवर आहे.' ते त्याने दर तासाला दाबायचं होतं. झुंबरबाई पहिल्याच दिवशी कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"अवं, भेग वाढलीया. सोडा मला आत."

"मला दिसत न्हाई व्हय?" कुशाबा म्हणाला. "पर अंगावर वर्दी हाय माज्या. मागं हो."

ती ओढा ओलांडून परत गेली आणि तो दिवसभर मान खाली घालून उभा होता, असं ऐकतो. शिस्त म्हणतात ती हीच.

परिणाम थक्क करणारे होते. महिन्याभरात उंबरदांडमधले साप, कळा, विहिरी आणि पत्रे पूर्णपणे आटोक्यात आले. तक्रारी शून्यावर आल्या. वाडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हिरवी झाली. कक्षाला सन्मानचिन्ह मिळालं. ते पडद्याशेजारी ठेवलं आहे.

आषाढात एका दुपारी डगर खाली आली.

झुंबरबाईने आदल्या दिवशीच शेरडं, दाणे आणि भांडीकुंडी वाडीच्या शाळेत हलवली होती (कोणाचीही परवानगी न घेता, हे नमूद करावं लागेल). घर मात्र गेलं. कुशाबा पलीकडे दगडापाशी पहाऱ्यावर होता. आवाज झाला म्हणून त्याने वळून पाहिलं, तर घराच्या जागी नुसती लाल माती. ओढ्याला पाणी इतकं, की पाय घालायची सोय नाही. बायको शाळेत होती की पुन्हा काही आणायला घरात शिरली होती, हे त्याला माहीत नव्हतं. हातात होतं ते एकच बटण, तेच तो दाबत सुटला. दगड जागेवर आहे. दगड जागेवर आहे. दगड जागेवर आहे.

इथे मॅडमच्या बुद्धीला दाद द्यावी लागेल. दगड जागेवर आहे असं इतक्या तळमळीने कोणी सांगत नाही. त्या अर्थी दगड हलला, हे त्यांनी क्षणात ताडलं. बचाव पथक विक्रमी वेळात पोहोचलं. त्यांनी दगडाला चहूबाजूंनी दोर बांधले आणि कुशाबाला स्ट्रेचरवर घेतलं. "तिकडं! आरं, तिकडं बगा!" असं तो ओरडत होता. तिकडे सगळं हिरवं असल्यामुळे 'रुग्णास दिशाभ्रम' अशी नोंद झाली. तेवढ्यात पलीकडच्या काठावर झुंबरबाई आली. दोन्ही हात वर करून ती जीव तोडून ओरडत होती, "अवं, मी हाय! मी हाय!" कुशाबा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या लहान पोरासारखा रडला. पथकाने तिला हात हलवून प्रतिसाद दिला. ग्रामस्थांचं मनोबल उत्तम असल्याचं अहवालात आहे.

पुढे घर गेल्याची नोंद घ्यायचा प्रश्न आला. नियमाप्रमाणे ती घटनास्थळावरून व्हायला हवी, आणि घटनास्थळी रेंज नाही. पण मॅडम कनवाळू आहेत. त्यांनी खास बाब म्हणून कुशाबाला कुंपणाच्या आत उभं करून नोंद घेतली. घर दगडावर होतं, हे कागदोपत्री मान्य झालं. आता अतिधोकादायक क्षेत्रात घर बांधल्याबद्दल दोघांना नोटीस गेली आहे. पण ती नियमानुसार जाणारच होती.

हे सगळं वाचून आपल्याला हसू आलं असेल, थोडा संतापही आला असेल. दोन्हीची आम्हाला कल्पना आहे. कक्षाचं उद्दिष्ट कोणाला हलवण्याचं कधीच नव्हतं. परिस्थितीचं भान वाढवण्याचं होतं, आणि ते आपल्या बाबतीत आताच साध्य झालं. झुंबरबाई आणि कुशाबा अजून त्या शाळेतच राहतात. शाळेच्या मागेही तीच डगर आहे, आणि तिला या आठवड्यात भेग पडली आहे. मॅडमना हे माहीत आहे. मला माहीत आहे. आता आपल्यालाही माहीत आहे. उठू नका, बसा.