दाराला कळले, माणसाला नाही

आमच्या कोर्टाचे बेलीफ भोयेनाना नोटीस बजावत, तेव्हा घेणाऱ्याची तोंडी परीक्षाही घेत. आधी मोठ्यांदा वाचायची, मग गावच्या बोलीत समजवायची आणि शेवटी विचारायचं, "कळलं? मग सांग, काय कळलं?" नीट सांगता आलं नाही की पुन्हा पहिल्या ओळीपासून. तिसऱ्या फेरीला एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "नाना, मी दावा हरलो असं लिहून घ्या, पण आता सोडा!"

बाकीच्या बेलिफांच्या जगात सगळी घरं कायमची बंद असत. चहाच्या टपरीवर बसूनच शेरा पडे : 'घर बंद, नोटीस दारावर चिकटवली.' नानांची मात्र दिवसाला जेमतेम एक नोटीस व्हायची, तीही पोशेऱ्याचा डोंगर चढून.

जामसरच्या जानकीबाईंवर कुणीतरी जमिनीचा दावा लावला. नाना गेले तर घराला कुलूप. दिवाळीनंतर सगळं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर. 'चिकटवा,' असा हुकूम झाला. नानांनी कागद चिकटवला आणि कोर्टाच्या प्रतीवर शेरा लिहिला : 'दाराला कळले, माणसाला नाही.'

या शेऱ्याबद्दल नानांनाच 'कारणे दाखवा' निघाली. ती द्यायला मी, म्हणजे कोर्टाचा कारकून, गेलो. त्यांनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाले, "आता सांग, तुला काय कळलं?"

बाई हजर नाहीत म्हणून निकाल एकतर्फी लागला. पुढे एका वकीलबाईंनी जानकीबाईंचा अंगठा घेऊन अपील केलं, आणि हायकोर्टाने तो निकाल रद्द केला. ज्याच्यावर नोटीस आहे त्याला ती कळलीच नाही, तर ती बजावलीच नाही, असं ठरलं. नानांचा शेरा निकालपत्रात जसाच्या तसा! पेपरांनी निकालाला ऐतिहासिक म्हटलं. ज्या साहेबांनी नानांना नोटीस काढली होती, त्यांनीच शाल-श्रीफळ आणलं.

नानांनी शाल खुर्चीवर ठेवली. "जानकीबाईंना कुणी कळवलं?"

चौकशी केली तर निकालाची प्रत जामसरला टपालाने गेली होती आणि पोस्टमनने ती कुलपाच्या कडीत खोचली होती.

दुसऱ्या दिवशी नानांनी रजा टाकली आणि मला घेऊन भट्टीवर गेले. जानकीबाई चिखल कालवत होत्या. नानांनी उन्हात उभं राहून सगळा निकाल वाचला, समजवला. "कळलं? मग सांगा."

"आमची जमीन आमचीच ऱ्हायली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चिखलाचे हात लुगड्याला पुसले.

मग त्यांनी कोरा चहा दिला. "बाबा, येवढा सांगाया कोन येतं का इतक्या लांब?"

नानांनी कप खाली ठेवला. "माझी बायको दवाखान्यात वारली, तेव्हा मी डोंगरात नोटीस वाचत होतो. निरोप सकाळीच ऑफिसात आला होता. कुणीतरी टेबलावर ठेवून दिला."

जानकीबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "काय नाव व्हता तिचा?"

"सोनी," नाना म्हणाले.

इतक्या वर्षांच्या सोबतीत ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.