सासऱ्यांचा कान

प्रदर्शनात माझ्या कलाकृतीपुढे बाकीच्यांकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही, हे मी घरात आधीच जाहीर करून टाकलं होतं! मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. सासरे हयात असेपर्यंत मला 'पाटीवाला'च म्हणायचे. म्हटलं, आता त्यांच्याच चित्रावर कलावंत होऊन दाखवू.

प्रदर्शन टाकाऊ वस्तूंच्या कलेचं होतं. मी सासऱ्यांच्या मोडक्या कपाटाचं दार घेतलं, त्यावर त्यांचा चेहरा रंगवला आणि नाकावर त्यांचा खराखुरा चष्मा बसवला. कोटाची बाही सरसात बुडवून कडक केली आणि कोपर बाहेर येईल अशी ठोकली. कानामागे त्यांचं ऐकण्याचं यंत्र डकवलं. सासूबाई बोलायला लागल्या की हे यंत्र ते हमखास काढून खिशात टाकायचे.

चित्र हॉलमध्ये टांगलं. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बायको चित्रावरचा चष्मा पुसत होती, तेवढ्यात चित्राने बारीक शीळ घातली. तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. बाबांच्या कानाशी हात गेला की अशीच शीळ वाजायची! मी हसलो. आत जुना सेल राहिला असेल, हात जवळ नेला की ही यंत्रं वाजतातच, असं समजावून मी सेल काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

दोन दिवसांनी मी चित्राशेजारचं कॅलेंडर उलटायला गेलो, तर पुन्हा शीळ.

यंत्र उघडून बघायला हात धजेना. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर चित्राला घासून गेला, शीळ ऐकली आणि पक्कड तिथेच टाकून पळाला. ती न्यायला तो अजून आलेला नाही. बायको त्या भिंतीकडचा केर काढीना. मी मात्र शूर! चित्राकडे पाठ करून जेवायला बसायचो. मग पाठीला गार वाटायचं, म्हणून तोंड करून बसायचो, तर घास उतरायचा नाही.

चित्र प्रदर्शनाला न्यायला टेम्पो येणार होता, त्या दुपारी मी लवकर घरी आलो. हॉलमध्ये कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. मी दारातच थिजलो.

सासूबाई चित्रासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांनी डबीतून नवा सेल काढून यंत्रात घातला.

"जन्मभर हे खिशात ठेवलंत," त्या चित्राला म्हणाल्या. "मुलीच्या बाळंतपणात मी किती घाबरले होते, तेसुद्धा सांगायचं राहिलं. आता कुठे ऐकायला लागलात, तर पाटीवाला तुम्हाला घेऊन चाललाय. त्याला कशी अडवू?"

मला भडभडून आलं. इतके दिवस आपण भ्यायलो याची लाजही वाटली. मी खाली गेलो आणि टेम्पो परत पाठवला. कलावंत होणं तूर्त राहिलं.

वर आलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "का हो, नेत नाही?"

"रंग ओला आहे अजून," मी म्हणालो.

त्यांनी चित्राच्या गालावरून बोट फिरवलं आणि बोट निरखून बघितलं. मग चित्राच्या कानाशी तळहात धरून पुटपुटल्या, "ऐकलंत? रंग ओला आहे म्हणे."

चित्राने लांबलचक शीळ घातली.

"त्यांनाही पटत नाही," सासूबाई म्हणाल्या.

हयातीत माझं एकही म्हणणं त्यांना पटलं नाही, आता काय पटणार!