भरवशाची खिडकी

"खिडक्या बदलल्याशिवाय मी या घराला कुलूप लावून कुठंही येणार नाही," दिनानाथ खांबेटेंनी जाहीर केलं आणि सुमेधाने हातातली साडी परत ट्रंकेत टाकली.

तिच्या धाकट्या बहिणीचं, स्मिताचं, चिपळूणला लग्न होतं. पण सानपाडा गावातलं हे जुनं घर देवजी म्हात्रेकडून विकत घेतल्यापासून नवराबायको मिळून एक रात्रही बाहेर राहिले नव्हते. त्यात गेल्या महिन्यात गल्लीतून कुणीतरी त्यांच्या खिडकीच्या गजांतून काठी घातली आणि खुंटीवरची विजार ओढून नेली. विजारीच्या खिशात एक मळका रुमाल होता. पण दिनानाथांना त्यात मोठा कट दिसला. बरोबरच आहे म्हणा, माणूस एका कंपनीच्या गोदामात आलेला माल तपासायच्या कामावर होता. संशय घ्यायचाच त्यांना पगार मिळत होता.

घराच्या खिडक्यांच्या झडपा खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने फुगल्या होत्या आणि धड लागत नव्हत्या. वाशीच्या दुकानात नव्या पद्धतीची ॲल्युमिनियमची खिडकी होती. दिनानाथांनी तिच्यावर टिचकी मारली.

"हा तर डब्याचा पत्रा!"

"साहेब, आता सगळ्या सोसायट्यांत हीच लागते."

"सगळ्यांत लागते ना? मग चोरांनाही ती उघडता येत असणार."

लोखंडी खिडकी गंजेल म्हणून बाद झाली. शेवटी सागवान ठरलं. ते सागवानच आहे ना, हे बघायला दिनानाथांनी फळीचा वास घेतला, नखाने ओरखडली आणि दुकानदाराची नजर चुकवून चाटूनही पाहिली. चव काय कळणार, कपाळ! पण चाटल्यावर त्यांचं समाधान झालं.

हिरामण सुताराला त्यांनी बजावलं, "पोकळ खिट्ट्या नकोत. दाराला असते तशी जाडजूड कडी आणि कोयंडा लाव, कुलूप अडकवता येईल असा. आणि स्क्रू नको. आरपार बोल्ट घाल आणि मागची टोकं ठोकून चपटी कर. ब्रह्मदेव आला तरी निघता कामा नये."

खिडक्या तयार होऊन आल्या. त्या बसवायच्या दिवशी शेजारचा देवजी दात कोरत येऊन उभा राहिला.

"भाऊ, झडपा भायेर उघडू द्या. आत घेतल्या तं पावसाचा पानी घरान येल."

झालं! दिनानाथ हिरामणला बाजूला घेऊन कुजबुजले, "हा का सांगतोय फुकटचा सल्ला?"

"बरोबर सांगतायत ते. खिडकी तशीच बनवलीय."

दिनानाथांनी खिडकी बारकाईने न्याहाळली. झडपा बाहेर उघडल्या तर बिजागऱ्याही बाहेर येणार. बिजागरीची खीळ काढली की झडप हातात!

"चौकट फिरव. आतली बाजू बाहेर कर. झडपा आत उघडल्या पाहिजेत."

"पण साहेब, तसं केलं तर कडी..."

"मला शिकवू नकोस! तुझी आणि देवजीची ओळख आहे का रे?"

"साहेब, ऐका तरी, ती कडी..."

"हिरामण," सुमेधाने आतून हाक मारली, "पोहे गार होतायत. ये बघू आधी."

हिरामण पोहे खाऊन आला आणि मग एक शब्दही न बोलता त्याने सगळ्या चौकटी फिरवून बसवल्या. सिमेंट वाळलं. दिवेलागणीला दिनानाथांनी मोठ्या ऐटीत पहिली खिडकी ओढून घेतली आणि कडीसाठी हात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. दुसऱ्या खिडकीचं तेच.

"चोरी! सुमे, हिरामणने कड्या चोरल्या!"

तेवढ्यात भिंतीपलीकडून देवजीचा आवाज आला, "भाऊ, कडी हतं भायेर हाय. लावू का?"

खट्ट! गजांतून हात घालून देवजीने कडी लावलीसुद्धा. दिनानाथांनी आतून झडप ओढून पाहिली, ती हलेना. जगात कुणावरही विश्वास न ठेवणाऱ्या माणसाच्या खिडक्या आता गावातल्या कुणालाही उघडता येत होत्या. फक्त त्यांना सोडून.

सकाळीच त्यांनी हिरामणला गाठलं. "कड्या काढ आणि आतून लाव!"

"निघायच्या नाहीत. तुम्हीच ठोकायला लावल्यात. फळी फोडून काढल्या तर भोकं राहतील."

"भोकं? अरे, भोकांतून तार घालतात!" दिनानाथ ओरडले.

सुमेधा पदराला हात पुसत शांतपणे म्हणाली, "अहो, आपण घरात असलो की खिडक्या बाहेरून कुणीही उघडणार. पण आपण बाहेर असलो तर? कड्या लावायच्या आणि वर कुलपं घालायची. किल्ल्या तुमच्या खिशात. म्हणजे घर धोक्यात कधी? आपण घरात असताना."

दिनानाथांनी या हिशेबात खोट शोधून पाहिली. फिरून पाहिली. माल चोख होता.

पनवेलहून चिपळूणची एसटी सुटली तेव्हा त्यांच्या मांडीवर कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा होता आणि तोंडावर कितीतरी दिवसांनी समाधान होतं. पेण मागे पडलं आणि त्यांच्या कपाळाला एकदम आठी पडली.

"सुमे, त्या दिवशी हिरामण कडीचंच काहीतरी सांगत होता. नेमकी तेव्हाच तू त्याला पोह्यांना कशी बोलावलीस?"

"भूक लागली असेल म्हणून."

"आणि पोहे खाऊन आल्यावर तो गप्प कसा बसला?"

सुमेधाने नव्या साडीची घडी नीट केली आणि एसटीची काच सरकवली.

"वारा काय छान येतोय नाही?" ती म्हणाली. "तुम्हाला ना, मेलं सगळ्या जगाचा संशय. माझा कधी आला नाही, हे मात्र बरं झालं."