पलीकडच्या टोकाला

माणसं जोडायची असतील तर त्यांना भाषण देऊ नये, त्यांचा घाम काढावा, असं छापखान्याच्या साहेबांचं ठाम मत होतं. आणि ते त्यांनी सगळ्यांना समोर बसवून, भाषण देऊनच सांगितलं.

"अंगमेहनत एकत्र केलेली माणसं भांडत नाहीत. शनिवारी सकाळी मागच्या मैदानात रस्सीखेच. छपाई विरुद्ध बांधणी. संपेपर्यंत गळ्यात गळे पडले नाहीत तर मला विचारा."

विचारायला मालक बसलेच होते. शाळेच्या पुस्तकांचं मोठं काम अडून पडलं होतं, कारण छपाई आणि बांधणी हे दोन विभाग एकमेकांशी बोलत नव्हते. मालकांनी साहेबांना बोलावून, आवाज अजिबात न चढवता सांगितलं होतं, "सोमवारी ते बोलताना दिसले नाहीत, तर तुमच्या खुर्चीत दुसरं कोणीतरी दिसेल."

भांडणाचं मूळ शाईत होतं. छपाई सांभाळणाऱ्या काकांनी एकदा न वाळलेले कागद पुढे सरकवले. बांधणी सांभाळणाऱ्या मावशींचे हात कोपरापर्यंत काळे झाले. त्यांनी ते सगळे कागद उलटे शिवून परत पाठवले. तेव्हापासून अबोला, आणि आपल्या माणसाची साथ म्हणून दोन्हीकडच्या सगळ्यांचा अबोला. कागद भिंतीतल्या खिडकीतून जायचे. देणारा मान फिरवून द्यायचा, घेणारा छताकडे बघत घ्यायचा. एकदा छपाईतल्या कोणाला तिथे ठसका लागला, तेव्हा पलीकडून पाण्याचा पेला सरकला. पण मावशींनी देणाऱ्याकडे असं काही पाहिलं की त्याने तो पेला परत ओढून स्वतःच पिऊन टाकला.

शनिवारी धुकं पडलं. साधंसुधं नाही, साहेबांना स्वतःचे बूट दिसत होते, आणि बुटांच्या पुढे जग संपत होतं. गोदामातला जाड दोर त्यांनी शेडपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत सरळ अंथरला होता आणि मधोमध लाल चिंधी बांधली होती. काकांना आणि मावशींना त्यांनी वेगवेगळा निरोप दिला होता: शेडकडून या, दोर पडलाय, धरा. कोणी कुठलं टोक धरायचं हे काही सांगितलं नव्हतं. एवढं तर आपसात ठरवतील, असा त्यांचा हिशेब होता. बोलत नसलेली माणसं आपसात कशी ठरवतील, हा हिशेब त्यांनी केला नव्हता.

चिंधीपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "तयार?"

डावीकडे, शेडच्या बाजूला, कोणीतरी खाकरलं. उजवीकडून आवाज आला नाही, पण दोर हलकेच ताणला गेला. जणू कोणी मान डोलावली. मावशींची माणसं शिस्तीची, साहेब मनात म्हणाले, आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

दोर जमिनीवरून उठला आणि सळईसारखा ताठ झाला. चिंधी थरथरत जागच्या जागी राहिली. डावीकडे बूट घासत होते, धापा टाकल्या जात होत्या, कोणीतरी कोणाच्या तरी नावाने बोटं मोडत होतं. उजवीकडे काही नव्हतं. श्वासही नव्हता. फक्त ओढ होती. संथ, एकसारखी, घाई नसलेल्या माणसाची असते तशी.

तेवढ्यात डावीकडून मावशींचा आवाज आला, "वाकू नका रे, टाच रोवा."

साहेबांच्या हिशेबाने मावशी उजवीकडे होत्या. दोराला हात लावत ते डावीकडे गेले. आधी मावशी दिसल्या, मग त्यांचे सगळे लोक, आणि त्यांच्या मागे, त्याच दोराला लोंबकळलेले, काका आणि अख्खी छपाई.

"मावशी, तुम्ही इथे?"

"मग कुठे असणार? दोर धरा म्हणालात, धरला."

"आणि काका, तुम्ही?"

"मी पाठमोरी माणसं बघितली आणि मागे लागलो," काका धापा टाकत म्हणाले. "आता यांना कोण विचारणार, तुम्ही कोण म्हणून?"

"अहो, पण मग पलीकडे कोण आहे?"

दोर हातभर पुढे गेला, आणि त्याच्याबरोबर सगळेच गेले.

साहेबांना ओरडून सांगता आलं असतं, सोडा म्हणून. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण समोर छपाई आणि बांधणी एका दोराला, एका बाजूने, एका दमात ओढत होती, आणि सोमवार जवळ आला होता. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "ओढा."

मावशींचा पाय घसरला. त्या धुक्याकडे फरफटत निघाल्या, तेव्हा मागची रांग मोडून काका पुढे धावले आणि त्यांचा दंड धरला.

"मावशी, मागे रेला. माझ्या अंगावर रेला."

"रेलते. पण तुमचा बूट माझ्या पायावर आहे."

"राहू दे. तेवढाच आधार."

"कोणाला?"

"मला."

मावशी हसल्या. ते हसू रांगेतून मागेपर्यंत गेलं आणि कोणाचा हात कोणाच्या कमरेला आहे हे कोणीच पाहिनासं झालं. काका ताल देऊ लागले, मावशी तो उचलू लागल्या. ओढत ओढत त्यांनी चिंधी आपल्याकडे आणली. तिच्यामागून दोराचा पलीकडचा भाग येऊ लागला. तो कोमट होता.

आणि मग समोरच्यांनी दोर सोडला. निसटला नाही, सोडला, अदबीने. सगळे एकमेकांवर पडले.

शिट्टी वाजली. साहेबांची शिट्टी त्यांच्या मुठीत होती. वाजली ती पलीकडे.

ऊन आलं तेव्हा मैदान मोकळं होतं. दोराच्या दुसऱ्या बाजूला ओल्या मातीत टाचांचे खोल खड्डे होते, ओळीने, भिंतीपर्यंत. शेवटचा खड्डा अर्धा भिंतीखाली गेला होता.

"बाहेरचा संघ होता," साहेब पटकन म्हणाले. "मीच बोलावला होता. जरा लाजरी माणसं आहेत."

सोमवारी मालक आले तर काका कागदांचा गठ्ठा स्वतः घेऊन मावशींच्या टेबलाशी उभे होते, प्रत्येक कागदावर फुंकर मारून दाखवत होते आणि मावशी त्यांना, "थुंकी उडवू नका, ती वाळायला जास्त वेळ लागतो," असं सुनावत होत्या. मालक खूश झाले. साहेबांची पाठ थोपटून म्हणाले, "छान. आता दर शनिवारी होऊ द्या. तोच संघ बोलवा."

साहेब हो म्हणाले. नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी काका आणि मावशी बरोबरच केबिनमध्ये आले. इतक्या दिवसांत दोघांनी मिळून काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती. साहेबांना भरून आलं. ते म्हणाले, "बोला, काय हवं ते देतो."

"उद्या सगळ्यात पुढे कोणी उभं राहायचं, यावर आम्ही चर्चा केली," काका म्हणाले.

"दोन्ही विभागांचं एकमत झालं," मावशी म्हणाल्या.

"वा. कोणाच्या नावावर?"

दोघं नुसते साहेबांकडे बघत राहिले, अगदी प्रेमाने.

"अहो, मी पंच आहे," साहेब म्हणाले.

"त्याची काळजी करू नका," मावशींनी त्यांना धीर दिला. "पंच त्यांच्याकडे आहे."