चौधरी डॉक्टर आणि गळ्यातले पाहुणे

आमचे चौधरी डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, गळ्याकडे पाहतात. जळगावात इतकी वर्षं आम्ही सोबत काम करतोय. ते ऑपरेशन करतात, मी भूल देतो. मध्यंतरी मी मिशी काढली, त्यांना पत्ता नाही. कॉलर घट्ट झाली तेव्हा मात्र त्याच दिवशी टोकलं.

त्यांना लग्नाला नेणं म्हणजे विकतचं दुखणं. एकदा आहेर द्यायला स्टेजवर चढले ते नवरीचा गळा निरखत उभेच राहिले. मागे रांग खोळंबली. शेवटी तिच्या बापाला म्हणाले, "सत्यनारायण झाला की थायरॉईड दाखवून घ्या." त्या दिवशी पंगतीत आमच्यापर्यंत वरण-बट्टी काही पोचली नाही.

गळ्यातल्या दुर्मिळ गाठींना ते 'पाहुणे' म्हणतात. डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला मानेत जिथे दोन फाटे फुटतात, त्या बेचक्यात क्वचित कोणाला गाठ धरते. बोटाखाली उडते, आडवी सरकते, वरखाली मात्र हलत नाही. "या पाहुण्याला सुई टोचायची नाही," डॉक्टर बजावतात. "चिडला तर रक्त आवरणार नाही." आणि काढायची तर मुळासकट, हा हट्ट. जेवतानाही ते ताटात शीत ठेवत नाहीत, आणि शेजारच्याने ठेवलं तर त्याच्या ताटाकडे पाहत बसतात.

सखूअक्का आमच्या यावलकडच्या पेशंट. घरच्यांनी गंडमाळ समजून मानेतल्या गाठीवर बिब्बा घातला होता. कातडी भाजली, गाठ जिथल्या तिथे. डॉक्टरांनी दोन बोटांनी ती हलवून पाहिली, नळी लावून ऐकली, स्कॅन काढलं. पाहुणा तोच निघाला, पण आवाजाच्या नसेला चिकटून बसलेला.

"ठेवली तर उद्या घास उतरणार नाही," त्यांनी सरळ सांगितलं. "काढताना आवाज जाऊ शकतो."

आसपासच्या गावांत अक्कांच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नसे.

"भाऊ, आवाज गेला त मले हळदीले कोन बोलावीन?"

मला गलबलून आलं. मी सहसा गलबलत नाही, आमच्या धंद्यात ते परवडत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी गाठ रक्तवाहिनीवरून सोलून निघाली. उरला तो नसेवरचा हरभऱ्याएवढा तुकडा. डॉक्टरांचा हात थांबला.

"राहू द्या तेवढं," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणताय हे?"

"टाक्यांचं सामान द्या," ते सिस्टरला म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

अक्का शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्यांना नाव विचारलं. आवाज जरा घोगरा होता, पण होता. नाव सांगून झाल्यावर अक्कांनी विचारलं, "चहा भेटीन का, भाऊ?" डॉक्टर बाहेर निघून गेले.

पुढे त्यांनी अक्कांना खरं ते सांगितलं. तुकडा ठेवलाय, सहा महिन्यांनी तपासणीला यायचं, वाढला तर पुन्हा बघू. अक्का नेमाने येतात, केळी घेऊन. डॉक्टर मान चाचपतात, स्कॅन पाहतात आणि म्हणतात, "आवाज तपासायचाय. हळदीचं म्हणा." आवाज तपासायला एक ओळ पुरते, एवढं मलाही कळतं. हे अख्खं गाणं म्हणायला लावतात. बाहेर पेशंट कावतात.

परवा अक्का गाता गाता थांबल्या.

"दर वेळी नुसतंच म्हनते मी. याच्यात नवरीचं नाव घ्या लागते. तुमच्या घरी आहे का कोनी पोरगी?"

मी खाली पाहिलं. डॉक्टरांना मूलबाळ नाही. वहिनी जाऊन कित्येक वर्षं झाली, घरी ते एकटेच असतात.

"सुमन म्हणा," डॉक्टर म्हणाले.

ते वहिनींचं नाव. दोघांचं लग्न कोर्टात झालं होतं, साक्षीदार मीच होतो. हळद लागलीच नव्हती.

अक्कांनी पदर सावरला आणि सुमनचं नाव घेऊन गाणं पहिल्यापासून धरलं.