कोस्टारिकाला निघालेले आगटेकाका

ज्या माणसाने अंडं घातलेला केक जन्मात तोंडाला लावला नाही, तळमजल्यावर कुणी बोंबील भाजले की जो तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या धाडधाड लावून घेतो, तो माणूस सकाळी सात वाजता केराचा डबा हातात घेऊन तुम्हाला जिन्यात अडवतो आणि विचारतो, "काय हो मोडक, सेलफिश मासा गळाला जानेवारीत जास्त लागतो की फेब्रुवारीत?" काय उत्तर द्याल? मी पहिल्यांदा "चौकशी करून सांगतो" म्हणालो. तिथेच चुकलो. आगटेकाकांना असं काही सांगितलं की ते दुसऱ्या दिवशी सातला डबा घेऊन पुन्हा जिन्यात उभे असतात.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या बरोबर खाली. हवामान खात्यात वारे आणि पाऊस यांचे तक्ते भरता भरता निवृत्त झाले. मी सांगतोय त्या दिवसांत काकूंना जाऊन तीन वर्षं होत आली होती. एकुलता एक मुलगा निखिल कॅलिफोर्नियात. नवं सहस्रक लागताना जगभरच्या संगणकांची तारीख चुकणार म्हणून ती दुरुस्त करायला गेला आणि तारीख सुरळीत बदलल्यावर तिकडेच राहिला. तो वडिलांना म्हणाला होता, "बाबा, आपण दोघं कोस्टारिकाला मासे पकडायला जाऊ. महिना तुम्ही ठरवा, मी सुट्टी टाकतो." या गोष्टीलाही आता अडीच वर्षं झाली होती आणि महिना काही ठरत नव्हता.

न ठरायला तयारी कमी होती असं मात्र कुणी म्हणू नये. काकांच्या हॉलच्या भिंतीवर फूलस्केप कागद डिंकाने जोडून केलेला एक तक्ता होता. बारा महिने आडवे, मासे उभे. निळी पेन्सिल पावसाची, लाल वाऱ्याची, हिरवी माशाची. "या देशाला दोन किनारे आहेत, मोडक, आणि दोघांचं आपसात पटत नाही," ते पट्टी घेऊन समजावायचे. "ऑक्टोबरात पश्चिमेला धो धो पाऊस, तर पूर्वेला ऊन. डिसेंबरात पश्चिम कोरडी होते, तर उत्तरेच्या टोकाला वारा सुटतो. असा सगळा कारभार आहे. घाईने तिकीट काढून चालत नाही. तपशील हवा."

'तपशील हवा' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. किती वाजले विचारलं, तर "कुठल्या घड्याळात?" मेथी आजचीच आहे असं भाजीवाली म्हणाली, तर "आज कधीची? तपशील हवा." त्या बाईने पुढच्याच आठवड्यात हातगाडी पार तिसऱ्या गल्लीत हलवली. आम्ही सगळे मेथीसाठी दोन गल्ल्या चालत जातो, ते काकांमुळे.

एकदा मी धीर करून विचारलं, "काका, तुम्ही शाकाहारी. मग हे मासे?"

"मांसाहार कुठे आला यात?" ते म्हणाले. "सेलफिश पकडायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. तिकडचा नियमच आहे तो."

"आणि आमिष?"

"नकली. प्लॅस्टिकचं. मी विचारून घेतलंय."

"पण गळ तर खरा ना? माशाला लागतच असेल."

"तुम्हाला बँकेत रोज लागत नाही? संध्याकाळी सोडतात ना?" मी बँकेत नोकरी करतो.

सराव गच्चीवर चाले. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा आणि टोकाला गळाऐवजी वजन म्हणून लिंबू. एका रविवारी दोरा हातातून सुटला आणि ते लिंबू पहिल्या मजल्यावरच्या जोगबाईंच्या गॅलरीसमोर जाऊन लटकलं. जोगबाईंनी करणी केली, करणी केली म्हणून सोसायटी डोक्यावर घेतली. तातडीची मीटिंग भरली. काकांनी लिंबू टेबलावर ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "वजन साठ ग्रॅम. यात करणी मावत नाही." दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लागली : 'गच्चीवर मासेमारी करू नये. हुकुमावरून.' एवढी सुरेख पाटी अख्ख्या कोथरुडात दुसरी नसेल.

पाटी मासेमारीची होती, माशाची नव्हती, असा अर्थ काढून काकांनी पुढचा सराव सुरू केला. स्वतः प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, कमरेला पट्टा बांधला, काठीचा दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्ही मार्लिन मासा व्हा." मी सेहेचाळीस वर्षांचा, रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस. मार्लिन झालो. गच्चीवरच्या टाकीला वळसा घालून धावलो, तर मागून आवाज आला, "जरा जीव तोडून पळा हो! मार्लिन असा हजेरीपटावर सही करायला निघाल्यासारखा जात नाही."

हे सगळं मी का सहन केलं, असं आमच्या घरात विचारलं जाई. खरं सांगायचं तर मला काकांची दया येत होती. एवढा तक्ता, एवढा सराव, आणि गाडी महिन्यापाशी अडलेली. दर रविवारी सकाळी साडेआठला निखिलचा फोन येई. वरून काकांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात पोचायचा. "नोव्हेंबर नको रे! नद्यांचं गढूळ पाणी उतरलेलं असतं!" अर्धा अर्धा तास हेच. एरवी आठवडाभर त्या घरातून भांड्याचासुद्धा आवाज नसे. मला वाटे, हा माणूस आता सत्तरीला आला, असाच महिने मोजत बसला तर खुर्चीतच राहील.

म्हणून मी मनावर घेतलं. मुलीसाठी घरी संगणक आणला होता, फोनची तार जोडून इंटरनेट चालायचं. आठवडाभर बसून मी तेरा पानं छापून काढली. पश्चिम किनाऱ्याचा मधला भाग, महिना फेब्रुवारी. पाऊस नाही, उत्तरेचा वारा तिथवर पोचत नाही, सेलफिश भरपूर. कुठेही खोट नाही. पानं आदल्या दिवशी काकांना वाचायला दिली आणि रविवारी सव्वाआठला वर गेलो. पानांवर शेवटपर्यंत लाल रेघा मारलेल्या होत्या, म्हणजे काकांनी ती वाचली होती. फोन वाजला. काकांनी मे महिन्याला सुरुवात केली तोच मी हात पुढे करून रिसीव्हर मागून घेतला.

"निखिल, मी मोडककाका. फेब्रुवारी. सगळं तपासलंय मी, बिनधास्त बुकिंग कर."

तो म्हणाला, "हो? बरं काका. थँक यू."

मी रिसीव्हर काकांना परत दिला. "हं," ते म्हणाले. "हो. फेब्रुवारी. बरं. ठेवू मग?" आणि फोन ठेवला. साडेआठचा फोन आठ चौतीसला संपला.

मी कौतुकाची वाट बघत उभा. काकांनी पानांची नीट घडी घातली. "काम चोख केलंत, मोडक," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मग तक्त्याकडे बघत बोलू लागले. "पूर्वी त्याचा फोन आला की मी दोन वाक्यं बोलायचो. तब्येत बरी ना, थंडी फार नाही ना. मग म्हणायचो, थांब, आईला देतो. पुढचं सगळं ती बोलायची. मी पेपर धरून ऐकायचो. ती गेल्यावर तो येऊन, सगळं करून परत गेला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोन आला. मी दोन वाक्यं बोललो आणि सवयीने म्हणून गेलो, थांब, आईला देतो."

मी दाराजवळच्या स्टुलावर टेकलो.

"दोघंही गप्प. फोन ठेवताही येईना. असे काही महिने गेले. मग एकदा तोच कसाबसा म्हणाला, ऑफिसच्या लोकांबरोबर मासे पकडायला गेलो होतो. मी विचारलं, कुठला मासा? वीस मिनिटं बोलला हो तो! जन्मात माझ्याशी इतका बोलला नव्हता." त्यांनी पानांची घडी टेबलावर ठेवली. "आता ठरलं. ठरल्यावर काय बोलायचं?"

तो आठवडा मला फार वाईट गेला. काका जिन्यात भेटले, पण त्यांनी काही विचारलं नाही. निखिलला ई-मेल लिहावी म्हणून मी तीनदा बसलो आणि तीनदा पुसून टाकली. वडिलांशी बोलत जा, हे मुलाला शेजाऱ्याने कसं सांगायचं?

रविवारी माफी मागायला वर गेलो. काकांनी गॅसवर दूध ठेवलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजला.

"हं, बोल. हो, जेवण व्यवस्थित. काय? सुस्त? कोण म्हणतं? बोटवाला?" काका ताठ बसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "फेब्रुवारीत मासे सुस्त असतात म्हणे, मोडक."

तेराच्या तेरा पानं माझी पाठ होती. त्यात असलं काही नव्हतं. लाल रेघा मारणाऱ्या काकांनाही ते ठाऊक होतं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग फोनमध्ये म्हणाले, "शक्य आहे. जानेवारीभर खाऊन खाऊन पोट भरलेलं असणार. मार्चचं काय म्हणतो तो?"

फोनवर हात दाबून त्यांनी मला खूण केली. "तेवढं दूध बघा."

दूध केव्हाच उतू गेलं होतं. मी गॅस बंद केला, फडकं शोधलं आणि ओटा पुसू लागलो. डोळे भरून आले होते, त्यामुळे पुसायला वेळ लागला. पुसून झाल्यावरही मी बाहेर गेलो नाही. नऊ वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा ते दोघं जुलैपर्यंत पोचले होते.