गुरलिंगअप्पांचे सात किलो

बारा दिवस काशीला जाऊन आलेला माणूस एकच पिशवी घेऊन परततो, आणि तीही अर्धी रिकामी, हे मी फक्त गुरलिंगअप्पांच्या बाबतीत पाहिलं. बरोबरच्या मंडळींनी गंगाजलाचे तांबे, पितळी घंटा, शालू असं एसटीच्या टपावर मावेना इतकं आणलं होतं. अप्पा मात्र तेलगावच्या स्टँडवर असे उतरले, की जणू कोपऱ्यावर तंबाखू आणायला गेले होते.

"अप्पा, काय आणलं?" मी विचारलं.

"दर्शनाला गेलतो. दर्शनाला वजन आसतंय का बे?"

अप्पांचं किराणा दुकान आणि माझा एसटीडीचा बूथ यांच्यामध्ये एक भिंत. त्यामुळे अप्पांचं बोलणं मला चोवीस तास फुकट ऐकायला मिळायचं. जगातली प्रत्येक गोष्ट हा माणूस तराजूत घालून बघायचा. कुणी मुलीसाठी आलेल्या स्थळाचं कौतुक करू लागला की अप्पा म्हणत, "वजन बोला." आणि पांढऱ्या गाडीतून एखादा पुढारी धूळ उडवत गेला की म्हणत, "धडा काढला तर आत काय ऱ्हातंय?"

धडा म्हणजे काय ते सांगतो, कारण आताच्या काट्यांवर तो कुणी करत नाही. गिऱ्हाईक तेलाला डबा घेऊन आलं की आधी रिकामा डबा एका पारड्यात ठेवायचा, दुसऱ्यात खडे टाकून तो समतोल करायचा, आणि मग तेल ओतायचं. म्हणजे डब्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी पडत नाहीत. बाकीचे दुकानदार घाईत असले की विसरायचे. अप्पा चाळीस वर्षांत एकदाही विसरले नाहीत. कागदाच्या पिशवीचासुद्धा धडा करत. मागे गिऱ्हाइकांची रांग खोळंबायची आणि मला वैताग यायचा.

अप्पांना एकच मुलगी, मंगल. जावई डॉक्टर, एक लहान नातू, सारे इंग्लंडला. काकू गेल्या त्याला चार वर्षं झालेली, तेव्हापासून अप्पा एकटे. पंधरा दिवसांनी रविवारी मंगलचा फोन माझ्या बूथवर यायचा. अप्पा काचेच्या केबिनमध्ये शिरून असे ओरडत की फोन नसता तरी चाललं असतं. ख्यालीखुशाली झाली की त्यांचा एकच प्रश्न असे, "काय पाठवू?"

आणि तिचं एकच उत्तर, "काही नको अप्पा. इथं सगळं मिळतं."

बाहेर येऊन अप्पा गावभर सांगत, "तिकडं सगळं मिळतंय म्हणं!" लोकांना वाटे, म्हाताऱ्याला लेकीच्या वैभवाचा अभिमान आहे. पण केबिनची काच माझी, मी आतला चेहरा बघितला होता. ज्याच्या दुकानात मोहरीपासून केरसुणीपर्यंत सारं होतं, त्याच्या एकुलत्या एका पोरीला त्यातलं काहीही नको होतं. ते त्यांना फार लागायचं.

मग जावयानं तिकीट पाठवलं. तीन महिन्यांसाठी या म्हणाले. तिकिटावर वीस किलो सामान विमानाच्या पोटात आणि सात किलो जवळ नेता येत होतं. अप्पांनी वीस किलोवर तिथल्या तिथे काट मारली.

"डोळ्याआड गेलेला माल आपला न्हाई," ते म्हणाले. "आन् जिथं सगळं मिळतंय तिथं नेयाचं तरी काय? सात किलो लई झाले."

गावानं हौसेनं डबे आणून दिले, अप्पांनी ते तोलून परत केले. माझ्या बायकोनं शेंगदाण्याची चटणी केली होती. अप्पांनी डब्याचा धडा करून ती मोजली आणि हात जोडले. "वयनी, वास लई झकास हाय. पाऊण किलो हाय. परत न्या." बायको आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि का कोण जाणे, माझ्याशीही.

स्वतःच्या सामानालाही त्यांनी दया दाखवली नाही. दंतमंजनाचा डबा काढून टाकला, मंजनाची कागदात पुडी बांधली. चष्म्याचं घर रद्द. "चष्मा नाकावर ऱ्हाईल. नाक कोण तोलायलंय?" भस्माचा गोळा तेवढा अख्खा ठेवला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि आतून दोन तास नुसते वजनांचे आवाज आले. मग बाहेर आले ते बॅग घेऊन. चेन असूनही दाभणानं वरून शिवलेली. "सात किलो. गुंजभर इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

मी फोनवाला, म्हणून विमानातलंही मला कळत असणार, अशी गावाची समजूत. तेव्हा मुंबईपर्यंत पोचवायला मलाच धाडलं. विमानतळावरच्या काउंटरला नशिबानं मराठी मुलगी होती. तिनं बॅग काट्यावर ठेवली. लाल आकडे उमटले, साडेआठ.

"काटा खोटा हाय," अप्पा म्हणाले.

"बाबा, काटा बरोबर आहे."

"पासिंग कधी झालतं? वजनमापाचा इन्स्पेक्टर कधी येऊन गेला?"

मागची सुटाबुटातली रांग चुळबुळू लागली. मला घाम फुटला, आणि त्या घामातच उजेड पडला. "अप्पा, बॅगेचं वजन धरलंत का?"

"बॅगंचं?" अप्पा माझ्याकडे बघत राहिले. "धडा केलाय की. पिशवीचं वजन मालात कावून धरायचं? म्या काय लबाड हाय का?"

मग त्यांची नजर बॅगेवरून त्या लाल आकड्यांकडे गेली. चाळीस वर्षांच्या सचोटीनं त्यांना दीड किलोनं तोंडघशी पाडलं होतं.

मुलगी गुणी होती. म्हणाली, "बाबा, बॅग खाली टाका ना, वीस किलोपर्यंत चालतं."

"न्हाई. उतरल्यावर मंग सामानाच्या त्या पट्ट्यापाशी उभं ऱ्हावा. पोरगी भायेर ताटकळंल." आणि त्यांनी दातानं टाके तोडून बॅग उघडली.

आत पुड्या होत्या. वर्तमानपत्राच्या कागदातल्या, दोऱ्यानं बांधलेल्या, खचाखच. ओवा, तीळ, जवस, हुलगे, बाळंतशोपा, सुंठ. दुकानातल्या झाडून साऱ्या जिनसा, थोड्या थोड्या. आणि कडेला कपड्यांची एक चळत. अप्पांनी पुड्यांना हात लावला नाही. कपडे काढून एकेक माझ्या हातावर ठेवत गेले. "दोन धोतरं सातशे. दोन सदरे चारशे. सुटर चारशे. झालं दीड किलो. बाई, आता तोला."

आकडा सातवर थांबला. "काटा बरूबर हाय तुमचा," अप्पांनी प्रमाणपत्र दिलं.

"अहो, तीन महिने, त्या थंडीत, अंगावरच्या एका जोडीवर?" मी म्हणालो. "आणि मंगल तर म्हणते सगळं मिळतं!"

अप्पा पुन्हा बॅगेची चेन लावत होते. मान वर न करताच म्हणाले, "म्हणती खरं. पर येवढ्यातली एखादी तरी पुडी लागंल की रे तिला."

काखेत बॅग आवळून ते आत गेले आणि मी त्यांची धोतरं छातीशी धरून तिथे वेड्यासारखा उभा राहिलो.

तिसऱ्या रविवारी फोन आला. मंगल होती. "काका, अप्पांचे कपडे कुठंत? ह्यांची पँट घालून बसलेत, वर टोपी!" ती हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली. "मी नको म्हणायचे ते त्यांच्या कमरेसाठी हो. पोती उचलून उचलून कंबर गेलीय त्यांची. म्हटलं, कशाला ओझी वाहायला लावायची. मला काय माहीत, ते..."

तेवढ्यात अप्पांनी फोन हिसकावला असावा, कारण माझ्या कानठळ्या बसल्या.

"भास्कर! हुलगे संपले! नातवाला त्येच्या पिठाचं माडगं लई आवडायलंय, दोन टाइम मागतोय. हितली तीन दुकानं पालथी घातली, मंगल आन् म्या. न्हाई मिळत!"

"खरंच नाही मिळत अप्पा?"

"न्हाई म्हंजे न्हाईच! तिकडून कुणी येणार आसंल तर बघ. पोरगी सोता म्हणली, अप्पा, मागवा."

दुकानात एखादी जिन्नस नसली तर दिवसभर तोंड पाडून बसणारे अप्पा मला माहीत होते. सातासमुद्रापलीकडून ते आज पुन्हा पुन्हा, मोठमोठ्यानं, आनंदानं सांगत होते, "न्हाई मिळत, भास्कर! हितं न्हाईच मिळत!"